पायावरचं ऊन

दादाने उजव्या हाताचा अंगठा जिभेला लावला, सेन्सरच्या भिंगावरून दोनदा फिरवला आणि उरलेली ओल पँटला पुसली.

"झालं स्वच्छ," तो म्हणाला. "बघ आता."

मी बघितलं. मसुरीच्या डाळीएवढ्या त्या भिंगावर थुंकीचा पातळ थर बसला होता आणि त्यात अंगठ्याच्या रेषा उमटल्या होत्या.

"दादा, याला हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं."

"अगं, थुंकीइतकं साफ दुसरं काही करत नाही. आबा चष्मा कशानं पुसायचे?"

आबाही, आमचे वडील, तसाच पुसायचे.  कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि भिंग पुन्हा पुसायला घेतलं. त्या आठवड्यातली ही चौथी वेळ होती. दादा आरशासारखी गुळगुळीत शाफ्ट कातायचा, पण त्याच हाताने कान कोरायचा, त्याच हाताने नाश्त्याची भजी उचलायचा आणि त्याच हाताने माझ्या सेन्सरच्या डबीत बोट घालून "आत काय आहे गं" म्हणून बघायचा. त्याने हात लावलेली वस्तू मी त्याची पाठ वळली की पुसून घेत असे. हे त्याला माहीत होतं. तो हसायचा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात दादाचं लेथचं वर्कशॉप होतं. मागच्या शेडमध्ये त्याने रेसिंगचे चार सिम्युलेटर बसवले होते. भंगारातल्या गाड्यांच्या सीट, त्यांचीच स्टिअरिंगं, लोखंडी अँगलचा सांगाडा, समोर टीव्ही आणि कॉम्प्युटर. सांगाडे बापू लोहारांनी वेल्डिंग करून दिले होते. त्यांचं दुकान त्याच गल्लीच्या टोकाला होतं. सगळं नीट चालायचं, फक्त ब्रेक टिकायचा नाही. पेडल किती दाबलंय ते कॉम्प्युटरला कळवायला दादाने रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसला फिरणारा भाग लावला होता. पोरं त्यावर असे पाय हाणायची की दोन महिन्यांत तो आतून घासून जायचा.

मी तेव्हा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवत होते. एकतीस वर्षांची होते आणि दादाच्या घरी राहत होते. दादा म्हणाला, "एवढं शिकलीस, एक ब्रेक करून दाखव."

मी करून दाखवला. काड्यापेटीएवढी काळी डबी. तिच्या एका बाजूला डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकणारा छोटा दिवा, समोर तो प्रकाश टिपणारा डोळा. दोघांच्या मधून पेडलला जोडलेलं पोलादी पातं खाली सरकायचं. जेवढं पेडल दाबाल तेवढा प्रकाश अडायचा. जेवढा प्रकाश अडेल तेवढा ब्रेक लागला असं कॉम्प्युटर धरायचा. काही कशाला घासत नव्हतं, त्यामुळे झिजायचा प्रश्नच नव्हता. पात्याची कड मी कानशीने सतरा वेळा घासून बदलली, तेव्हा कुठे पेडलबरोबर आकडा सरळ चढायला लागला. शून्य ते शंभर, कुठे उडी नाही. माझ्या हातून झालेली आणि दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडलेली ती पहिली वस्तू होती.

त्या वर्षी कोईमतूरच्या एका रेसिंग टीमने दादाच्या शेडमधून एकाची निवड करायचं ठरवलं. निवड होईल त्याला महिनाभर खऱ्या ट्रॅकवर, खऱ्या गाडीत शिकायला मिळणार होतं. खंडेनवमीला अंतिम शर्यत. चौघं त्यात पोचले होते. एक इचलकरंजीचा, एक गडहिंग्लजचा. तिसरा संग्राम, माझ्या वहिनीचा धाकटा भाऊ. चौथी रेश्मा, बापू लोहारांची मुलगी.

रेश्मा वीस वर्षांची होती. बापूंनी बनवलेली गेटं आणि ग्रिलं टेम्पोतून पोचवायची. सीटवर बसताना चपला काढून ठेवायची आणि अनवाणी पायाने ब्रेक दाबायची.

"चप्पल घालून कळत न्हाई वो मॅडम," ती म्हणायची. "ब्रेक कुठं धरतोय ते तळव्याला कळाय पायजे. मी टेम्पोपण असाच चालवतो."

बाकीचे वळणाच्या बरेच आधी ब्रेक मारायचे. ती इतकी उशिरा मारायची की मागे उभ्या असलेल्यांचे पाय आपोआप जमिनीत दाबले जायचे. सरावात संग्राम तिच्या मागे प्रत्येक फेरीला अर्धा सेकंद तरी असे. वहिनीला ते बघवायचं नाही. "गेटं पोचवणाऱ्या पोरीला कशाला ट्रॅक," असं ती भाजी निवडता निवडता म्हणाली होती. दादा ते ऐकून हसला होता. मी भाजीतली काडी बाजूला काढली होती.

शर्यतीच्या आठ दिवस आधी एका संध्याकाळी तीन नंबरचा ब्रेक बिघडला. पेडल पार खाली गेलं तरी आकडा साठच्या पुढे जाईना. मी डबी उघडली. आत सगळं ठीक होतं. पुन्हा बसवली आणि आकडा शंभर. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी मी घड्याळ घेऊन जमिनीवर बसून राहिले. पाच वाजून सात मिनिटांनी पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत आला, फरशीवरून सरकत बरोबर तीन नंबरच्या ब्रेकपाशी थांबला आणि पंचवीस मिनिटांनी शेजारच्या शेडच्या भिंतीआड गेला. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. माझ्या सेन्सरचा डोळा दिव्याऐवजी सूर्य बघत होता. पातं आडवं आलं तरी त्याला उजेडच दिसायचा.

चूक माझी होती. हे मला डबी बनवतानाच सुचायला हवं होतं.

मी दादाला सगळं सांगितलं. वेळा लिहिलेला कागद दाखवला. दादा सहसा माझं बोलणं पुरतं ऐकून घेत नाही. त्या दिवशी घेतलं.

"म्हणजे फक्त तीन नंबर?"

"हो. खिडकीसमोर तोच येतो. ॲक्सिलरेटरचा सेन्सर पलीकडे सावलीत आहे, त्याला काही होत नाही."

"आणि सव्वापाचला किती दाखवतो म्हणालीस?"

"साठ, एकसष्ट."

"आणि ऊन गेलं की?"

"शंभर. लगेच."

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. "मग काय करायचं?"

"मी काळ्या मखमलीच्या खोळी शिवते. डबीवर घातल्या की झालं."

"शीव," तो म्हणाला.

गरज एकाच खोळीची होती. मी चार शिवल्या. एकच घातलेली बरी दिसली नसती.

खंडेनवमीला उद्यमनगरात यंत्रांची पूजा असते. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा सेट, सगळं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात. वहिनी ताट घेऊन मागच्या शेडमध्ये आली आणि तिने माझ्या चारही खोळी ओढून काढल्या.

"वहिनी, त्या राहू देत."

"कापडाला कुंकू लावू होय? यंत्राला लावायचं असतं." तिने प्रत्येक डबीवर हळदीकुंकवाची बोटं उमटवली, अक्षता टाकल्या. अक्षतेचा एक दाणा पात्याच्या खाचेत पडला. मी चिमट्याने काढायला वाकले.

"तू जा, पाहुण्यांचं बघ," दादा मागून म्हणाला. "खोळी मी घालतो."

मी गेले.

कोईमतूरचे इंजिनिअर सेल्वन साडेतीनला आले. बारीक, सावळे, शर्टाच्या खिशात मोजपट्टी. माझ्या सेन्सरची एक सुटी डबी त्यांनी हातात घेतली तीही कडेने धरून, भिंगाला बोट न लावता. मला ते फार बरं वाटलं. त्यांनी हिंदीत विचारलं, कुठल्या कंपनीचा आहे. मी म्हणाले, घरी केलाय. त्यांनी डबी पुन्हा उजेडाकडे धरली. "मॅडम, हमारे यहाँ ऐसा आदमी चाहिए," ते म्हणाले.

शर्यत चारला होती. चारला दादाने आरती सुरू केली. मग नारळ फोडला. मग आबांच्या आठवणी सांगत भाषण केलं. एरवी त्याला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. मग सेल्वन नको म्हणत असताना दुसऱ्यांदा चहा आला. दादा सारखा मनगटाकडे बघत होता. पाच वाजून आठ मिनिटांनी तो म्हणाला, "बसा रे पोरांनो. ज्यानं जिथं सराव केलाय तिथंच बसायचं."

रेश्माचा सराव तीन नंबरवर होता. बसण्याआधी तिने पेडलला हात लावून नमस्कार केला आणि कडेच्या झेंडूचं एक फूल केसांत खोचलं.

"काय गं, लग्नाला चाललीस की शर्यतीला?" संग्राम म्हणाला.

"तुझ्या वरातीला म्होरं गाडी लागंल की," ती म्हणाली. "ती मी चालवतो."

सगळे हसले. संग्रामही हसला. त्याला कशाचीच कल्पना नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

बारा फेऱ्या. यंत्रात बिघाड दिसला तर घंटा वाजवायची, शर्यत थांबवून पुन्हा घ्यायची, असा नियम होता. घंटा माझ्या टेबलावर होती, कारण चौघांच्या पेडलचे आकडे फक्त माझ्या स्क्रीनवर दिसत. बाकी सगळ्यांचं लक्ष टीव्हीतल्या गाड्यांकडे होतं.

पाचव्या फेरीपर्यंत रेश्मा तीन सेकंदांनी पुढे होती. तिचा ब्रेक माझ्या स्क्रीनवर दर वळणाला खांबासारखा चढायचा. शंभर. शंभर. सहाव्या फेरीत शहाण्णव. पुढच्या वळणाला त्र्याऐंशी. मग एकसष्ट. तिची गाडी वळण सोडून सरळ वाळूत गेली. मागे कुणीतरी हळहळलं, कुणीतरी "दमली" म्हणालं.

मी स्क्रीनवरून मान काढून खाली बघितलं. तिच्या पावलावर ऊन पडलं होतं. पाऊल पेडलवर पार टेकलं होतं, जोराने बोटं पांढरी पडली होती. भेगाळलेल्या टाचेतली तांबडी माती त्या उन्हात स्पष्ट दिसत होती. डबीवर खोळ नव्हती. कुंकवाचं बोट होतं.

घंटा माझ्या डाव्या हाताशी होती. वीतभर अंतरावर.

माझ्या खुर्चीमागे सेल्वन उभे होते. ते टीव्हीकडे बघत म्हणाले, "तीन महीने में कुछ भी घिसा नहीं? बहुत बढ़िया काम है, मॅडम."

घंटा वाजवली असती तर का वाजवली ते सांगावं लागलं असतं. सांगावं लागलं असतं की थोडं ऊन पडलं की हा सेन्सर आंधळा होतो, आणि हे मला सहा दिवसांपासून माहीत आहे. मी डावा हात उचलला, पेन घेतलं आणि सहाव्या फेरीची वेळ वहीत लिहिली.

रेश्मा तीनदा वाळूत गेली. मग तिने काहीतरी ओळखलं असावं, कारण तिने ब्रेक खूप आधी मारायला सुरुवात केली. तरीही ती तिसरी आली. संग्राम पहिला. घड्याळात पाच अठ्ठावीस झाले होते. लोक टाळ्या वाजवत होते, दादा संग्रामला पेढा भरवत होता, तेवढ्या चार मिनिटांत ऊन भिंतीआड गेलं.

रेश्मा सीटवरून उठली नव्हती.

"ब्रेक लागत न्हवता," ती म्हणाली.

"हरलं की सगळ्यांचा ब्रेक जातो," मागून एक जण म्हणाला.

"पायावर ऊन आलं तवापासनं लागत न्हवता." ती अगदी शांतपणे, एकेक शब्द तोलून बोलत होती. "आधी चांगला हुता. ऊन आलं आनि हलका पडला. पाय पार खाली टेकला हुता माझा."

दादा हसला. "ऊन लागून ब्रेक जातो होय? मग उन्हाळ्यात गाड्या कशा थांबतात गं?"

शेडभर हशा झाला. सेल्वनना मराठी कळत नव्हतं, ते सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. बापू लोहार दाराशी उभे होते, सणाचा धुतलेला सदरा घालून. ते पुढे आले. त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, तुमीच बघा की. तुमी केलेलं यंत्र हाय. तुमी सांगाल ते खरं."

 मी उठले. तीन नंबरपाशी गेले, गुडघे टेकले. एक, दोन आणि चार नंबरच्या डब्यांवर माझ्या खोळी होत्या. तीनवर नव्हती. मी तळव्याने पेडल पार खाली दाबलं आणि टेबलापाशी उभ्या असलेल्या इचलकरंजीच्या मुलाला आकडा वाचायला सांगितलं.

"शंभर," तो म्हणाला.

मी सोडलं, पुन्हा दाबलं.

"शंभरच."

"शंभर दाखवतंय," मी सगळ्यांकडे बघत म्हणाले.

एवढंच म्हणाले. वर्गात मुलांना मी सांगत असे, जेवढं मोजलं तेवढंच बोला.

रेश्मा माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिने फरशीकडे बघितलं, मघाशी जिथे ऊन होतं तिथे. मग खिडकीकडे. मग परत माझ्याकडे.

"चल बाळ," बापू म्हणाले. "मॅडम म्हनत्यात म्हंजी बरोबरच असनार. आपलंच काय तरी चुकलं." मग ते मला हात जोडून म्हणाले, "तुमास्नी तरास दिला."

ती चपला हातात घेऊनच गेली.

गर्दी पांगल्यावर दादा पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्याजवळ आला. त्याची बोटं तुपाने चकाकत होती. त्याने खिशातून रुमाल काढावा तसं काहीतरी काढलं, आधी ओठ पुसले, मग एकेक बोट. काळी मखमल होती. कडेला माझी शिलाई. पुसून झाल्यावर त्याने ती परत खिशात कोंबली. मी बघतेय हे त्याला दिसत होतं.

"तुला मी सांगितलं होतं," मी म्हणाले.

"मग. तू सांगितलंस म्हणूनच कळलं मला."

"दादा."

"तू खोटं कुठं बोललीस?" तो हळू आवाजात म्हणाला. त्यात धमकी नव्हती, समजूत घालावी तसा सूर होता. "शंभर होतं की. मला माहीत होतं, तू खोटं बोलणार नाहीस." आणि त्याच बोटांनी त्याने पेढा माझ्या तोंडाशी धरला.

सेल्वन आमच्याकडे बघून हसत होते. भावाबहिणीचं प्रेम दिसत असावं. मी तोंड उघडलं. पेढ्याला तुपाची, लोखंडाची आणि मखमलीच्या धाग्यांची चव होती. मी तो गिळला.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मला ती किळस अजून जशीच्या तशी आठवते. अनेक वर्षं मी ती दादाच्या बोटांची आहे असं समजत होते.

दिवाळी झाल्यावर मी सेन्सर सुधारला. दिवा क्षणभर विझवायचा, तेव्हा डोळ्याला दिसेल तो उजेड उन्हाचा. मग दिवा लावायचा, आणि एकातून दुसरा वजा करायचा. वरचा सूर्य खाली आणून ठेवला तरी ब्रेकला फरक पडणार नाही. दुपारी जेवण झाल्यावर करायला बसले आणि चहाच्या वेळेला उठले. तेवढंच काम होतं ते.

दुसऱ्या दिवशी नवी डबी घेऊन मी गल्लीच्या टोकाला गेले. बापू आत भट्टीवर चहा ठेवत होते. रेश्मा टेम्पोत गेट चढवून दोरी बांधत होती. संग्राम कोईमतूरला जाऊन आठवडा झाला होता.

"रेश्मा, हे बघ," मी डबी पुढे केली. "आता ऊन लागलं तरी चालतो."

तिने गाठ घट्ट ओढली. मग डबीकडे बघितलं. हातात घेतली नाही.

"म्हंजी त्या दिवशी चालत न्हवता."

मी मान डोलावली.

"आनि तुमाला ठावं हुतं."

"हो."

तिने आतल्या बाजूला नजर टाकली. बापू कप विसळत होते.

"तुमचा त्यो शंभर आकडा कसा आला ते मी त्याच दिवशी वळकलं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमी कवातरी येशीला. आलासा ते बरं केलासा. पर बापूला सांगू नगा. घरात काय बी मोडलं, काय बी कळंना झालं, की ते म्हनत्यात, मॅडमना इचारू. गल्लीत त्येंचा तेवढ्या एकाच मानसावर इस्वास हाय." तिने दुसरी दोरी उचलली. "तो तरी ऱ्हाऊ द्या."

बापू चहा घेऊन बाहेर आले. कपाच्या कडेवर त्यांच्या अंगठ्याचा काजळीचा ठसा उमटला होता, रेषा न् रेषा दिसेल असा.

"बरं झालं आलासा," ते म्हणाले. "मलाच यायचं हुतं तुमच्याकडं. त्या दिवशी पोरगी चारचौघांत ऊन काय, ब्रेक काय, कायबाय बोलली. ल्हान हाय. तुमी राग धरू नका, मॅडम."

रेश्मा आमच्याकडे पाठ करून दोरी ताणत होती. तिचे हात थांबले.

"राग नाही, बापू," मी म्हणाले.

हेही खरंच होतं.

दोरी पुन्हा ताणली गेल्याचा आवाज आला. मी कप ओठांना लावला आणि जिथे ठसा होता तिथूनच, सगळा चहा प्यायले.